काळी काडी

नमस्कार मंडळी. पदवीला जीवशास्त्र घेतलेल्या, किंवा घेऊ की नको म्हणून घुटमळणाऱ्या मुलांसाठी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. खरं तर एकच सांगायची आहे, बाकीच्या येतील तिच्यामागून.

माझं पहिल्या वर्षाचं पहिलं प्रॅक्टिकल. कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा थेंब, वर कव्हरस्लिपची पातळ काच. पापुद्रा कसा निघतो ते तुम्हाला सांगायला नको. मायक्रोस्कोपची आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगनळी, दहाची; ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडकडची, चाळीसची; म्हणजे 400 पट मोठं दिसणार. डोळा लावला. विटा रचाव्यात तशा पेशी, प्रत्येकीत पिवळट केंद्रक. आणि एका पेशीत चक्क एक काळी काडी! सरळ, टोकदार. शेजारणीच्या मायक्रोस्कोपात डोकावले, तिथे काडीबिडी काही नाही. माझी छाती धडधडायला लागली. स्लाइड जरा सरकवली, तर काडी शेजारच्या पेशीत. अजून सरकवली, तिच्याही पुढच्या पेशीत. मी जर्नलमध्ये निरीक्षण लिहून टाकलं, 'काडी एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाते.' खाली आकृती, आकृतीला बाण.

मॅडम आल्या. वाचलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आयपीस फिरव."

फिरवली. पेशी जागच्या जागी, आणि काडी घड्याळाच्या काट्यासारखी गरकन फिरली. आयपीसमध्येच बसवलेला पॉइंटर होता हो तो!

तर लक्षात ठेवा. स्लाइडबरोबर सरकतं ते स्लाइडवरचं. आयपीसबरोबर फिरतं ते आयपीसमधलं. पुन्हा सांगते, सरकतं ते स्लाइडवरचं, फिरतं ते आयपीसमधलं. दोन्हीला दाद देत नसेल, तर दुसरी एखादी काच पुसा, नाहीतर स्वतःचा डोळा चोळा.

आणि आकृतीत दिसेल तेच काढा. रॉबर्ट हुकने 1665 मध्ये मायक्रोस्कोपखाली बुचाच्या कापात रिकामी खोकी पाहिली आणि आकृतीतही रिकामीच काढली. बूच मेलेलं, आत काही उरलेलंच नव्हतं. हल्ली मुलं आयपीसला मोबाइल टेकवून फोटो काढतात आणि आकृती मात्र पुस्तकातून उतरवतात, वर रंगीत पेन्सिली! जर्नल आहे की रांगोळी? असो.

गणित टळतं म्हणून जीवशास्त्र घेत असाल, तर तेही टळत नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने वाटाणे मोजले, 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले. त्याच्या नियमाप्रमाणे एका सुरकुतलेल्यामागे तीन गोल यायला हवेत. भागाकार करून बघा, तीनाच्या जवळ येतो. पण तीन येत नाही, आणि हा फरक योगायोगाचा की आणखी कशाचा, ते ठरवायला संख्याशास्त्र शिकावंच लागतं. त्यावर बोलायचं होतं, पण काडीने वेळ खाल्ला.

अरे हो, कव्हरस्लिप तिरकी धरून एका कडेने हळू सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. मी बुडबुड्यालाही केंद्रक दाखवलं होतं, पण ते पुन्हा कधीतरी. नमस्कार.