किर्लोस्करांचं सायकलचं दुकान

(बेळगाव. किर्लोस्कर रोड, सकाळची वर्दळ.)

हा बेळगावचा किर्लोस्कर रोड. धर्मवीर संभाजी चौकाच्या अंगाला. दुचाकी लावायला जागा मिळाली तरी नशीब म्हणायचं. गावातल्या माणसाला या नावाचं काही विशेष वाटत नाही. पत्ता सांगताना तोंडात येतं, तेवढंच. बाहेरचा माणूस मात्र विचारतो, इथं पंपांचा कारखाना होता का? इंजिनांचा?

नाही. इथं सायकलचं दुकान होतं.

(दुकानांच्या पाट्या. कॅमेरा पाट्यांवरून सावकाश सरकतो.)

किर्लोस्कर ब्रदर्स. कंपनी आपलं जन्मसाल 1888 सांगते. पाटीवरचे हे ब्रदर्स म्हणजे थोरले रामूअण्णा आणि त्यांच्या पाठचे लक्ष्मणराव.

(गुर्लहोसूर. मलप्रभेचं पात्र, घाट, जुनी घरं.)

घराणं गुर्लहोसूरचं, बेळगाव जिल्ह्यातलं. मराठी संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. एका लहानशा गावानं महाराष्ट्राला नाटकही दिलं आणि नांगरही, पण तो विषय वेगळा. लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869चा. अभ्यासात मन रमेना, चित्रं मात्र सुरेख काढायचा हा मुलगा. वडील काशिनाथपंत वेदान्ती. चित्रकलेसाठी मुलानं मुंबई गाठावी, हे त्यांच्या गळी उतरणं कठीण होतं. खर्चाला उभे राहिले ते रामूअण्णा. लक्ष्मणराव जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तिथं कळलं, की त्यांना काही रंग ओळखूच येत नाहीत.

रंग सुटले, रेघ सुटली नाही. ते यंत्रांची रेखाटनं शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तीच शिकवू लागले. आज माटुंग्याला असलेली ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती.

(जुनी काळी सायकल. आधी चाक, मग चेन, मग हँडल. अगदी जवळून.)

मुंबईच्या रस्त्यावर त्यांना सायकल दिसली, ती या दिवसांत. पुढचं चाक पुरुषभर उंच आणि मागचं ताटलीएवढं, हा प्रकार तेव्हा मागं पडत चालला होता. 1885मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या स्टार्लींनी दोन्ही चाकं जवळपास सारखी केली आणि चेन मागच्या चाकाला जोडली. 1888मध्ये बेलफास्टच्या डनलॉपनं टायरमध्ये हवा भरली. जनावरांचा डॉक्टर होता हा माणूस. म्हणजे भायखळ्याच्या या मास्तरांनी हात घातला तेव्हा हे वाहन अगदी ताजं होतं. बघा, ही चेन, हे पायडल, हा चिमटा. सव्वाशे वर्षं उलटली, तरी मांडणी तीच आहे.

(मैदान. एक मुलगी सायकल शिकतेय. मागं सीट धरून एक माणूस धावतोय.)

दोघा भावांनी काम वाटून घेतलं. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली विकत घ्यायच्या आणि बेळगावला धाडायच्या. रामूअण्णांनी त्या इथं विकायच्या. पण विकायच्या कुणाला? एका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये सांगितली जाते. त्या काळात! एवढे पैसे टाकून आणलेल्या वस्तूवर बसायचं कसं, हेच मुळात कुणाला ठाऊक नाही. तेव्हा रामूअण्णा सायकल शिकवायचे. शिकवणीची फी, पंधरा रुपये.

किर्लोस्करांच्या कथेत नेहमी नांगराची गोष्ट पहिली येते. आम्हाला ही शिकवणी जास्त मोठी वाटते. गिऱ्हाइकाला आधी चालवता आली पाहिजे, मग तो पैसे मोजणार, हे रामूअण्णांनी ओळखलं होतं.

(निवेदन थांबतं. मुलगी एकटी पुढं जाते. मैदानातले आवाज.)

(आजचं एक सायकल दुकान. मिस्त्रींचे हात. चाक फिरतंय.)

दुकान म्हटलं की दुरुस्ती आली. हे दुकान आजचं आहे, पण काम तेव्हाचंच. मिस्त्रींनी चाक फिरवलं. रिम एका जागी ब्रेकला घासतेय. म्हणजे चाक आऊट आहे, वाकडं फिरतंय. आता नुसता हात लावून कुठली तार ढिली आहे ते बघायचं. रिम डावीकडे गेली असेल, तर उजवीकडची तार पाव आटा आवळायची, डावीकडची तेवढीच सोडायची. पुन्हा फिरवायचं. साध्या काळ्या सायकलीला पुढं 32 तारा, मागं 40, कारण बसणाऱ्याचा भार मागं. एक तार चुकीची ओढली की पलीकडे दुसरीकडे फुगा येतो. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे.

(रॉकेलच्या ताटलीत छर्रे. बोटांनी एक-एक पुसला जातोय.)

आता हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा. कप म्हणजे बाहेरची वाटी, कोन म्हणजे आतला निमुळता तुकडा आणि मधे छर्रे. रॉकेलनं धुवायचे, ग्रीस भरायचं, एक-एक छर्रा जागेवर बसवायचा, मग कोन आवळायचा. जास्त आवळला तर चाक जड जातं, कमी आवळला तर डुगडुगतं. या दोन्हींच्या मधली जागा फळ्यावर काढून दाखवता येत नाही, ती हातालाच कळते. लक्ष्मणराव आयुष्यभर फळ्यावर यंत्रं काढत राहिले असते, तर पुढचं काही घडलं असतं असं आम्हाला वाटत नाही.

फळा सुटला तो अपमानानं. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला, भावाच्या दुकानात आले.

(लोखंडी नांगर. किर्लोस्करवाडी स्टेशनची पाटी. धावती गाडी.)

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. कडबा कापायचं यंत्र झालं, लोखंडी नांगर झाला. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. बेळगावातली जागा नगरपालिकेनं मागितली, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला आणि 1910मध्ये किर्लोस्करवाडी वसली. मग पंप, इंजिनं, कारखाने. सायकल मागं राहिली.

(टपाल तिकीट, पूर्ण पडदाभर.)

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. जन्मशताब्दीला, 20 जून 1969 रोजी, टपाल खात्यानं तिकीट काढलं. त्यावर लक्ष्मणराव आहेत, नांगर आहे. कोपऱ्यात एक सायकल मावली असती.

रामूअण्णांचं तिकीट वगैरे कुणी काढलं नाही. वाडीला गेल्यावर वसाहतीचा कारभार त्यांनी अंगावर घेतला. माणसांची घरं, पाणी, सोयी. दुकान चालवलेल्या माणसाला हे जड गेलं नसणार.

(पुन्हा किर्लोस्कर रोड. पाटी.)

बेळगावकरांनी मात्र रस्त्याला नुसतं आडनाव दिलंय. त्यामुळे थोरल्या भावाचीही सोय झाली.