अँटिगनी रडते तेव्हा

नमस्कार मंडळी. मेळाव्यात ग्रीक शोकांतिका कशाला, असं कार्यक्रमपत्रिका पाहून काहींनी विचारलंच. पण ग्रीक नाटककार सोफोक्लीजची अँटिगनी मला गप्प बसू देत नाही.

नाटक इसवी सनापूर्वी 441 च्या सुमाराचं, अथेन्समधलं. थीब्जच्या गादीपायी दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या हातून मेलेत. नवा राजा क्रेऑन, म्हणजे त्यांचा मामाच, फर्मान काढतो: एकाला इतमामानं मूठमाती, दुसरा शहरावर चालून आला होता, त्याचं प्रेत कुत्र्या-गिधाडांना. माती देईल तो जिवाला मुकेल. बहीण अँटिगनी तरी जाते. हातात काय, तर कोरडी धूळ आणि तर्पणाची काशाची झारी.

तिला पकडून आणणारा पहारेकरी मला फार खरा वाटतो. आपली मान सुटली याचा त्याला आनंद, हिला मरणाच्या दारात आणलं याचं वाईटही वाटतं. पण आपल्या जिवापुढे बाकी सगळं दुय्यम, हे तो तोंडावर सांगून मोकळा होतो. आणि ती? “केलं, नाकारत नाही.”

तिला साध्वी वगैरे करू नका, बरं का. धाकटी बहीण इस्मिनी मागाहून दोषात वाटा मागायला येते, तर ही तिला झिडकारते. तू जगणं निवडलंस, मी मरण, असं सुनावते. शेवटी गुहेत जिवंत चिणायला नेतात तेव्हा मात्र रडते. लग्न नाही, मूल नाही, निरोपाला माणूस नाही. भीती आहे, हळहळ आहे, पण केलेलं मागे घेत नाही. सुरुवातीच्या करारीपणापेक्षा हे रडणं मला मोठं वाटतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या कैद्यांनी हे नाटक तुरुंगात बसवलं, तेव्हा क्रेऑन झाले होते नेल्सन मंडेला! 

क्रेऑनही काही राक्षस नाही. अंध द्रष्टा टायरेसियस खडसावतो तेव्हा तो हादरतो. थीब्जचे वृद्ध, म्हणजे नाटकातलं वृंद, सांगतात, आधी मुलीला सोडव, मग प्रेताला माती दे. तो नेमकं उलट करतो. आधी दफन उरकतो, मग गुहेकडे धावतो. तोवर तिनं गळफास घेतलेला असतो, आणि तिच्या कमरेला मिठी घालून बसलेला असतो त्याचाच मुलगा, तिचा वाग्दत्त वर हेमॉन. बापावर तलवार उगारतो, वार हुकतो, आणि तीच तलवार तो स्वतःच्या कुशीत खुपसतो.