टाकाऊ ट्रेमधली बाटली

नमस्कार श्रोतेहो. गुलाबाची फांदी मातीत खोचली की रुजते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण चाऱ्याच्या गवताच्या मूठभर पेशींतून आख्खं रोप उभं करायचं म्हटलं, की गवत अडून बसतं. गाजराने १९५८ सालीच दाद दिली होती. गवतांनी फार वाट पाहायला लावली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वनस्पतिशास्त्रज्ञ इंद्र वसिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनी गवत आणि हत्तीगवतात वाट दाखवली: कोवळा भाग घ्या. न उमललेला तुरा, अपक्व भ्रूण, नाहीतर पानाचा अगदी बुडखा. कोवळा, हे ध्यानात ठेवा.

मी तेव्हा नवखी होते. हत्तीगवताच्या पानांच्या बुडख्याचे तुकडे मी २,४-डी हे वाढीचं संजीवक घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या पोषक माध्यमावर, ठेवले. काही आठवड्यांत अंधारात त्यांच्यावर गाठी आल्या. याच गाठींना कॅलस म्हणतात. काही मऊ, पाणीदार, भराभर फुगणाऱ्या. काही घट्ट, दुधी, खरबरीत, वाढायला अगदी मंद. मी फुगणाऱ्या जपल्या, वेळेवर नव्या माध्यमावर हलवल्या. घट्ट गाठी टाकून दिल्या. पाच महिने असं चाललं. एक कोंब फुटला नाही.

एका संध्याकाळी आमच्या बाई टाकाऊ बाटल्यांच्या ट्रेपाशी थांबल्या. एक बाटली त्यांनी उजेडात धरली. "अगं, ही का टाकलीस?" म्हटलं, "बाई, ही वाढतच नाही." त्या रागावल्या नाहीत. सूक्ष्मदर्शक पुढे ओढून म्हणाल्या, "बघ." त्या खरबरीत गाठीवर मोत्यांसारखे बारीक दाणे होते. भ्रूण! बीजाशिवाय, थेट पानाच्या पेशींतून झालेले. ती गाठ आम्ही संजीवक नसलेल्या माध्यमावर, उजेडात ठेवली. बाराव्या दिवशी हिरवी सुई वर आली. मी बाईंना बोलवायला धावत गेले.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगते, फसलेला प्रयोगही वहीत लिहा, नीट तारखेसह. कोऱ्या पानाइतकं नुकसान कशानेच होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तर पुन्हा सांगते: घट्ट, दुधी, मंद वाढणारी गाठ जपा. पाणीदार गाठीच्या मोहात पडू नका. आणि कॅलस फार जुना होऊ देऊ नका. वय वाढलं की त्याची रोप देण्याची ताकद घटते, आणि मिळालेल्या रोपांत फरकही पडू लागतात. रोपं मुळं धरली की लगेच उन्हात नेऊ नका. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेलं पान कोरड्या वाऱ्यात तासाभरात मान टाकतं. आधी झाकून ठेवा, मग रोज थोडं थोडं उघडा.