साचा काय सांगतो

मंडळी, उद्या सकाळी याच सभागृहात टेबलं लागतील. पुण्या-मुंबईकडची काही मंडळी किट्स भरून आणणार आहेत आणि जालना, परभणी, नांदेडची मंडळी ती धुंडाळायला येणार आहेत. मोटारींच्या मॉडेल किट्सचा, म्हणजे सुटे भाग जोडून छोटी गाडी करायच्या संचांचा, अदलाबदल मेळा आपल्या भागात भरतोय, याचा मला मनापासून आनंद आहे.

या मेळ्यात आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या माणसाची एक जमेची बाजू आहे. माझी सगळी नोकरी वाळूजच्या टूलरूममध्ये, साचे बनवण्यात झाली. इथं बसलेल्या पुष्कळांनी मोल्डिंग मशीनवर शिफ्ट काढल्या आहेत. शेंद्र्यात तर २००१ पासून स्कोडाची ऑक्टाव्हिया बाहेरून आलेल्या सुट्या भागांतून जोडली गेली, म्हणजे खरी मोटारसुद्धा किट म्हणूनच इथं उतरली. आपल्या छंदातलं किट म्हणजे तरी काय? पोलादी साच्यात दाबानं भरलेलं पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक. साच्याची तब्येत कशी होती ते प्रत्येक भागावर उमटलेलं असतं, आणि ते वाचायची नजर आपल्याकडे आधीपासून आहे. उद्या ती वापरा.

विक्रेत्याला विचारून खोकं उघडा. सीलबंद खोक्याला लोक जास्त पैसे मोजतात; मला ते पटत नाही. वरचं प्लास्टिकचं वेष्टन नव्यानंही चढवता येतं, आणि आत बॉडी पिचली आहे की काच तडकली आहे हे कळायला मार्ग राहत नाही. ज्याला जोडायचंय त्यानं उघडं किटच घ्यावं. माहितीपत्रक पसरा आणि भागांचे आकडे रनरवरच्या, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात तिच्यावरच्या, आकड्यांशी ताडून बघा. पारदर्शक भागांची पिशवी आणि टायर आधी शोधा, हमखास तेच गहाळ असतात.

मग बॉडी हातात घ्या. चाकाच्या कमानीच्या कडेवरून नख फिरवा. कागदासारखा पातळ पापुद्रा नखाला लागला तर तो फ्लॅश. साच्याच्या कडा झिजल्या, दोन भाग नीट मिटेनासे झाले की तिथून प्लास्टिक बाहेर येतं. पापुद्रा ब्लेडनं निघतो, दाराच्या फटीची रेघ पुन्हा कोरताही येते. पण ग्रिलची बारीक जाळी बुजली असेल तर ती घरी परत आणणं फार अवघड. समोरच्या काचेचे दोन्ही खांब उजेडात धरून बघा, बॉडीत सगळ्यात नाजूक तेच. चासी टेबलावर ठेवून चारही टोकं टेकतात का पाहा. थोडा पीळ गरम पाण्यानं निघतो.

आता किट कोणत्या सालचं, त्याविषयी. अमेरिकेतली एएमटी ही किट्स काढणारी कंपनी १९४८ सालची. मोटारींच्या शोरूमसाठी छोट्या नमुना गाड्या करायची. १९५८ पासून तिनं वर्षागणिक नव्या मॉडेलची किट्स काढायला सुरुवात केली. एकाच खोक्यातून गाडी कारखान्यातून निघते तशी जोडा, सजवलेली जोडा किंवा शर्यतीची जोडा. पुढच्या वर्षी खरी गाडी बदलली की कंपनी पुष्कळदा जुन्याच साच्यात फेरफार करून नवी बॉडी काढायची. टूलरूममधल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळेल: पोलाद एकदा कापलं की मागची गाडी त्या साच्यातून कायमची गेली. साठच्या दशकातल्या काही किट्सना आज जो भाव येतो, तो यामुळे. आणि जे साचे तसेच राहिले, त्यांतून अजून माल निघतोय. एएमटी १९७८ साली मॅचबॉक्स या खेळण्यातल्या गाड्या काढणाऱ्या लेस्नी कंपनीकडे गेली, पुढे अर्टलकडे, आता ती राउंड टू यांच्याकडे आहे. मालक बदलले, खोक्यावरची चित्रं बदलली, साचा तोच राहिला. म्हणून चासीच्या पोटावर काय कोरलंय ते वाचायची सवय लावा. रेव्हेल या किट कंपनीच्या खोक्यातल्या चासीखाली मोनोग्राम या दुसऱ्या कंपनीचं नाव दिसलं तर माल बनावट समजू नका. या दोन कंपन्या १९८६ मध्ये एकत्र आल्या.

आपल्या उन्हाळ्याबद्दल लोक नेहमी विचारतात. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा मे महिन्यात नुसत्या हवेनं बॉडी वितळत नाही. घात करतात टायर. ते मऊ विनाइलचे असतात, विनाइल मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि ज्या पॉलिस्टायरीनला टायर टेकलाय त्याला खातं. उष्णतेत हे आणखी वेगानं होतं. पत्र्याखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेलं किट उघडलं आणि पुढच्या काचेवर टायरची नक्षी नीट, रेघ न् रेघ उमटलेली दिसली, तर ती काच गेली. किट घरी नेल्याबरोबर टायर वेगळ्या पिशवीत टाका. पिवळे पडलेले डिकल, म्हणजे गाडीवर चिकटवायची छापील चित्रं, मात्र टाकून देऊ नका. खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवले की पुष्कळदा उजळतात. त्या कामाला आपलं ऊन उत्तम.

ज्यांना वेगवेगळ्या किट्सचे भाग जमवून अ‍ॅम्बेसेडर करायची आहे, आणि तसे इथं बरेच आहेत, त्यांनी खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर ठेवावा. गाडी सुमारे ४.३ मीटर लांब, म्हणजे १:२४ मध्ये, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शात, १८ सेंटिमीटर. १:२५ मध्ये तीच सात मिलिमीटरनं आखूड होते, आणि शेजारी ठेवली की ते डोळ्याला दिसतं. मोनोग्रामच्या मोटारी बहुतेक १:२४ च्या, एएमटीच्या १:२५ च्या. दोन्हींचे भाग मिसळताना आधी मोजा. अ‍ॅम्बेसेडरची रिम १५ इंची, म्हणजे ३८१ मिलिमीटर. भागिले २४, साधारण १५.९. एवढ्या व्यासाची साधी रिम आणि तिला बसणारा अरुंद टायर तुम्हाला हवाय. एका किटमधून तीन प्रकारे गाडी जोडता येत असल्यानं जोडणाऱ्यांकडे चाकं, बंपर, आरसे उरतात. टेबलाच्या कडेला पिशव्यांतून ठेवलेला तो सुटा माल आधी चाळा, मग खोक्यांकडे वळा. तुमच्या घरी असे उरलेले भाग असतील तर उद्या बरोबर आणा. चार चाकांसाठी कुणी पैसे मागत बसत नाही, पण समोरच्याला हवा असलेला बंपर तुमच्या पिशवीत निघाला तर चाकं लगेच हातात पडतात.