अर्धीच मिटलेली पापणी

रात्रीचे दोन वाजलेत, वॉर्डमधले दिवे मंद केलेत, आणि या कॉटवर झोपलेल्या दादांचा उजवा डोळा बघा जरा. पापणी अर्धीच मिटलीये, खालून पांढरी फट दिसतेय. घरचे म्हणतात अहो अशक्तपणा आलाय ना, हल्ली असेच झोपतात. एड्सच्या पेशंटकडे सगळ्यांचं लक्ष वजनावर, तापावर, सीडी४ वर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या आकड्यावर असतं, डोळ्याच्या या फटीकडे कोण बघणार, आणि हेच मला फार लागतं.

पापणी मिनिटाला पंधराएक वेळा लवते आणि दरवेळी बुबुळावर अश्रूंचा पातळ थर सारवून जाते. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्याच नसतात, त्याला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः हवेतून, या थरातूनच. मिटताना बुबुळ वर सरकतं म्हणून फटीत पांढरं दिसतं, पण त्याची खालची कड उघडी राहिली की ती वाळते, सोलवटते, तिथे जंतू शिरले की जखम, आणि जखम भरली तरी फूल पडतं ते पडतंच.

पापणी अशी अर्धी का राहते? कुणाची चेहऱ्याची नस लुळी पडून तोंड वाकडं झालेलं असतं, एचआयव्हीच्या अगदी सुरुवातीलाही होतं हे. कुणी इतकं खंगतं की डोळे खोल जातात, कुणी बेशुद्ध असतं. आणि नागीण! कपाळावर, डोळ्यावर नागीण उठून गेली की पापणी आखडू शकते, वर बुबुळ बधिर होतं, म्हणजे जखम झाली तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस दाखवायलाच येत नाही.

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सरकारी सेंटरवर 2004 पासून फुकट मिळतात, त्यांनी जीव वाचतो, पण अंगात ताकद यायला महिने लागतात आणि वाळलेल्या बुबुळाला जखम व्हायला काही दिवससुद्धा पुरतात. दिवसा अश्रूंचे ड्रॉप, रात्री मलम, मग पापणी पूर्ण मिटवून वरून टेप, अर्धवट मिटलेल्या डोळ्यावर कापूस ठेवायचा नाही, तो बुबुळावर घासतो. मेडिकलमधून लाल डोळ्याचे ड्रॉप आणून घालू नका प्लीज, त्यात स्टिरॉइड असलं तर इन्फेक्शन भडकतं. यानं भागलं नाही तर डॉक्टर पापण्यांच्या कडा थोड्या शिवतात, नंतर सोडवताही येतात.

सकाळ झाली. दादांच्या डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या लाइटखाली बघितलं, आणि बुबुळाच्या खालच्या कडेला ही हिरवी पट्टी चमकली, म्हणजे तिथे सोलवटलंय. अजून वरवरची आहे. ताई मलमाची ट्यूब हातात घेऊन सिस्टरना विचारतायत, किती लावू, कसं लावू.