‘म’च्या बटणावरचा थेंब

(दृश्य : रात्र. टेबलावर उघडा लॅपटॉप, शेजारी चष्म्याची तुटलेली दांडी.)

आजीच्या चष्म्याची दांडी बिजागरीपाशी तुटली होती. सकाळी तिला बँकेत जायचं होतं, म्हणून रात्री साडेअकराला मी फेविक्विक घेऊन बसलो. ट्यूबचं तोंड जुन्या गोंदाने बुजलं होतं. जरा जोर लावला, आणि अडकलेला गोंद एकदम सुटला. एक थेंब दांडीवर पडला, बाकीचे कीबोर्डवर. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर मराठी टाइप करणाऱ्यांना लगेच कळेल, सी आणि व्हीची बटणं. म्हणजे ‘म’ आणि ‘न’.

मी पुसायला कापूस शोधू लागलो. तो हाताशी नव्हता, हे नशीब. ओल्या फेविक्विकला कापूस किंवा सुती कापड लागलं की गोंद झपाट्याने घट्ट होतो आणि त्यातून इतकी उष्णता निघते की बोटांना चटका बसतो, कधी धूरही येतो. अशा वेळी लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि मशीन आडवंच राहू द्यावं. तिरकं केलं की पातळ गोंद फटीफटीतून आत पळतो. वर दिसणारा थेंब जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने अलगद उचलून घ्यावा. बस. बाकीचं सकाळी.

(दृश्य : गोंदाचा थेंब, अगदी जवळून. कडा पांढुरक्या होत जातात.)

आपण ‘गोंद वाळला’ म्हणतो, पण यात वाळण्यासारखं फारसं काही नसतं. सायनोअ‍ॅक्रिलेट या फेविक्विकमधल्या रसायनाचे सुटे रेणू ओलावा लागताच एकमेकांना धरतात, त्यांची लांब साखळी होते आणि त्या जागी चक्क प्लास्टिक तयार होतं. पातळ थराला काही सेकंद पुरतात, जाड थेंबाला आतपर्यंत घट्ट व्हायला दिवसभरही लागतो. मुंबईच्या जुलैतल्या हवेत तर त्याला ओलावा शोधावा लागत नाही. भोवती उमटणारा पांढरा धुरकट डाग म्हणजे उडालेली वाफ, पृष्ठभागावर बसून घट्ट झालेली. याच वाफेवर पोलीस वस्तूंवरचे बोटांचे ठसे उठवतात.

या गोंदाची ओळखच मुळी एका उपकरणाच्या अपघातातून झाली. 1942 साली ईस्टमन कोडॅक या कंपनीत रसायनतज्ज्ञ हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे रसायन हाती आलं आणि जिथे तिथे चिकटतं म्हणून बाजूला पडलं. 1951 मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी ते अपवर्तनांक, म्हणजे त्यातून जाताना प्रकाश किती वळतो ते, मोजायला रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये (प्रिझममध्ये) पसरवलं. मोजमाप झालं, पण लोलक काही केल्या सुटेनात. महागडं उपकरण गेलं आणि कूव्हर यांना आपल्या हातात काय आहे ते उमगलं. 1958 मध्ये तो गोंद बाजारात आला.

(दृश्य : ग्रँट रोड स्टेशनचा पूल, मग लॅमिंग्टन रोड. दुकानांच्या पाट्या.)

सकाळी मी मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात मात्र लॅमिंग्टनच. एका जिन्याखालच्या दुकानात काकांनी लॅपटॉप दिव्याखाली धरला आणि विचारलं, “थिनर लावलंस का?” नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैलावला.

कारण त्यांच्याकडे येणारी निम्मी नासाडी गोंदाची नसतेच, ती नंतरच्या घाईची असते. घट्ट झालेल्या फेविक्विकमधून वीज वाहत नाही, त्यामुळे त्याने शॉर्ट होत नाही. तो बटण जाम करतो, किंवा दोन संपर्कांच्या मध्ये बसून त्यांना भेटू देत नाही. वाईट आहे, पण मशीन जळत नाही. अ‍ॅसिटोन, म्हणजे थिनरसारखंच विरघळवणारं रसायन, मात्र गोंदाबरोबर खालचं प्लास्टिकही खातं.

(दृश्य : काकांचे हात. भंगारातल्या कीबोर्डचं एक बटण, त्यावर ड्रॉपरने एक थेंब.)

ते त्यांनी मला करूनच दाखवलं. बाद कीबोर्डचं एक बटण उलटं ठेवलं, वर अ‍ॅसिटोनचा थेंब सोडला. थोड्या वेळाने नखाने घासलं, तर चकाकी गेलेली आणि प्लास्टिक साबणाच्या ओल्या वडीसारखं मऊ. ते एबीएस जातीचं प्लास्टिक होतं. बरीच बटणं आणि लॅपटॉपची कितीतरी आवरणं त्याचीच असतात. नेलपॉलिश रिमूव्हरमध्येही बहुधा हेच अ‍ॅसिटोन असतं, वर तेल आणि सुगंध. स्क्रीनवर तर त्याचा बोळा नेऊच नका, वरचा लेप कायमचा जातो. गोंद कोणता हे नंतर बघायचं, खाली काय आहे हे आधी.

मग गोंद काढला कसा? हा गोंद सरळ ओढला तर दाद देत नाही, पण ठिसूळ असतो. कडेने उचकटला की तडकतो. काकांनी गिटारच्या पिकसारखी पातळ पट्टी ‘म’च्या एका कोपऱ्यात सरकवली आणि हात तसाच धरून ठेवला. जोर नाही, नुसता दाब. बऱ्याच वेळाने ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि बटण सुटलं. खालची कात्रीसारखी दुमडणारी बिजागरी एका पायाने चिकटली होती, ती तुटलीच. त्याच मॉडेलच्या भंगारातून दुसरी निघाली. रबराची टोपी शाबूत होती. ‘न’ तासाभराने सुटला, बिजागरीसकट. सुटी बटणं कोमट साबणाच्या पाण्यात पडून राहिली, उरलेला गोंद त्यात हळूहळू सैल झाला.

(दृश्य : टेबलावर मदरबोर्ड, भिंगाखाली.)

फेविकॉल सांडला तर गणित उलटं. तो पाण्यातला गोंद, ओला असेतो त्यातून वीज जाते. तिथे घाई करायची ती वीज तोडण्याची : बंद करा, मागचं झाकण उघडा, बॅटरीचा कनेक्टर काढा. गोंद नंतर किंचित ओलसर कापडानेही निघतो. ग्लू गनचा गोळा असेल तर कडेला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) सोडा, त्याची पकड सुटते आणि तो अख्खा निघून येतो. एम-सील किंवा अ‍ॅराल्डाइट घट्ट झालं की मात्र घरी खटपट नको.

काकांना खरी चीड आहे ती कंपनीने मुद्दाम घातलेल्या गोंदाची. मोबाइलच्या बोर्डवर चिपखाली इपॉक्सी भरतात, पडझडीत सोल्डरचे टाके तुटू नयेत म्हणून. या गल्लीत त्याला ‘पेस्टेड आयसी’ म्हणतात. तो काढताना गरम हवेखाली सुईच्या टोकाने एकेक कण खरवडायचा, आणि चिप जोडायचा धातूचा ठिपका, म्हणजे पॅड, एक जरी उखडला तरी बोर्ड गेला. ते सांगताना त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. तीस वर्षं डोळे याच कामात गेलेत.

(दृश्य : कीबोर्ड पुन्हा जोडलेला. स्क्रीनवर कोरं पान.)

बटणं बसली. मी ‘म’ दाबला, ‘म’ उमटला. ‘न’ उमटला. कडेच्या पट्टीवर मात्र पांढरा डाग राहिला होता. मी बोट दाखवलं, तर काका म्हणाले, “राहू दे तो. त्याच्या मागे लागलो तर पट्टीचा रंग जाईल.”

डाग अजून आहे. हे निवेदन त्याच कीबोर्डवर लिहिलं आहे.