पांढऱ्या मनोऱ्याखालची मंडळी

(अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या मराठी मंडळात नव्याने आलेल्या कुटुंबांच्या मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी!

हा शब्द मी आज जरा जपून उच्चारला. आपण कुठल्याही कार्यक्रमात 'मंडळी' म्हणतो आणि पुढे जातो. मी अहमदनगरच्या ख्रिस्ती घरात वाढले. रविवारी सकाळी आमची आजी वेणी घालता घालता ओरडायची, "आवरा लवकर, मंडळी जमली असेल!" मराठी पवित्र शास्त्रात चर्चला शब्दच मुळी 'मंडळी' आहे. 'ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन' असं येशू पेत्राला म्हणतो. इमारतीला आम्ही नगरला 'देऊळ'सुद्धा म्हणायचो, पण ती झाली बसायची जागा. चर्च म्हणजे जमलेली माणसं.

समितीने मला विषय दिला तो असा: आपली मराठी शाळा ज्या तळघरात भरते, त्याच्या वर नेमकं काय चालतं? दर सप्टेंबरला नवे आईबाबा मुलांना सोडायला येतात, पायऱ्या उतरतात, पण वर डोकवायला बिचकतात. मागच्या वर्षी एका बाबांनी मला हळूच विचारलं, "ताई, वर जायचं तर बूट काढायचे का?" नाही काढायचे. डोक्यावर पदरही लागत नाही. कुठेही बसा, फक्त डावीकडचा तिसरा बाक सोडून. तो एका आजींचा आहे. असं कुठे लिहिलेलं नाही, पण आहे.

वरचं चर्च काँग्रिगेशनल आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या जवळपास प्रत्येक जुन्या गावात मधोमध हिरवळ, तिच्या कडेला पांढऱ्या लाकडाची इमारत आणि वर टोकदार मनोरा दिसतो. तसलंच हे. प्रोटेस्टंट म्हणजे एक भलीमोठी भावकी आहे. १५१७ साली जर्मनीत मार्टिन लूथरने पोपच्या पापक्षमापत्रांविरुद्ध आवाज उठवला, तिथून ती सुरू झाली आणि मग वाटण्या होत गेल्या. लूथरन, अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट ही सगळी चुलत घरं. काँग्रिगेशनल त्यातलंच एक, आणि त्याची खूण एका वाक्यात सांगता येते: मंडळीच्या वर कोणी साहेब नाही. पोप नाही, बिशप नाही. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, कोण हवा ते सभासद ठरवतात, तेही हात वर करून. पगार तेच ठरवतात, आणि छप्पर गळतं तेव्हा पैसेही तेच काढतात.

आता श्रद्धेचं. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, मी औषधांच्या कंपनीत काम करते, तेव्हा घरगुती भाषेत सांगते. देव एक आहे. येशू ख्रिस्तामध्ये तो माणसाच्या जवळ आला, वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. माणसाचं तारण त्याच्या पुण्याईच्या हिशोबावर होत नाही, देवाच्या कृपेने होतं, आणि ती विश्वासाने घ्यायची असते. प्रोटेस्टंट भावकीतल्या सगळ्या घरांचा हा मूळ मुद्दा. 'कृपा' या शब्दासाठी मराठी माणसाला शब्दकोश लागत नाही, हे आपलं भाग्य. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पुलाच्या दोन्ही टोकांना काय आहे यावर भांडता येईल, पण पूल आहे खरा.

संस्कार दोनच: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. बाप्तिस्मा लहान बाळांनाही देतात, कपाळावर पाणी लावून. प्रभुभोजन आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी. पावाचे छोटे तुकडे आणि औषधाच्या मापाएवढ्या पेल्यांत द्राक्षाचा रस. तबक तुमच्यासमोर आलं आणि घ्यायचं नसेल, तर पुढे द्या. कोणी वळून बघत नाही. अर्पणाच्या थाळीचंही तेच. मूर्ती नाही, तसबिरी नाहीत, काचांना रंगसुद्धा नाहीत. माझी सासू पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "अगं, हे तर जिल्हा परिषदेच्या शाळेसारखं दिसतंय." बरोबर आहे तिचं. या इमारतींना पूर्वी चर्च म्हणतही नसत, सभागृह म्हणत. रविवारी उपासना आणि एरवी गावाची सभा, दोन्ही तिथेच.

इथल्या इतिहासाबद्दल मात्र मी गुळगुळीत बोलणार नाही. १६२० मध्ये प्लिमथला आणि १६३० पासून बॉस्टनच्या आसपास जे प्युरिटन लोक इंग्लंडहून आले, ते स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे जगायला मिळावं म्हणून आले. आणि आल्याबरोबर दुसऱ्यांना तसं जगू देईनात! क्वेकर पंथाची मेरी डायर परत परत बॉस्टनला येत राहिली, म्हणून १६६० मध्ये तिला फाशी दिलं. १६९२ मध्ये सेलमला चेटकिणी म्हणून माणसं फासावर चढवली. आणि मुलांना ऐकून सगळ्यात नवल वाटतं ते हे: १६५९ मध्ये या वसाहतीने नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. नाताळ शास्त्रात सांगितलेला नाही, तेव्हा तो करायचा नाही! तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. हा नाताळचा मुद्दा लक्षात ठेवा, मला तो नंतर लागणार आहे.

पुढे मंडळीत फूट पडली. मंडळं कशी फुटतात हे आपल्याला बाहेरच्या कोणी शिकवायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरेच लोक म्हणू लागले की देव एकच, पिता-पुत्र-पवित्र आत्मा असं त्रैक्य वगैरे काही नाही. ते युनिटेरियन. मग इमारत कोणाची, भांडीकुंडी कोणाची? डेडहॅम गावचं हे भांडण न्यायालयात गेलं आणि १८२० मध्ये निकाल लागला की मालमत्ता गावकऱ्यांच्या बहुमताकडे राहील, मंडळीच्या सभासदांकडे नाही. अनेक ठिकाणी जुन्या विचाराच्या लोकांना बाहेर पडून नवं सभागृह बांधावं लागलं. एकाच चौकात दोन पांढरी चर्चेस का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर पुष्कळदा उत्तर हे असतं. १८३३ पर्यंत तर या राज्यात चर्चसाठी कर भरावा लागे. तो बंद झाला आणि चर्च सभासदांच्या वर्गणीवर आलं. १९५७ मध्ये बहुतेक काँग्रिगेशनल मंडळ्या आणखी एका चर्चबरोबर मिळून 'युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट' झाल्या. आपलं वरचं चर्च त्यातलं.

आता माझ्या आवडीचा भाग. इथून पश्चिमेला, पार राज्याच्या टोकाला विल्यम्सटाउन आहे. तिथल्या कॉलेजातली पाच पोरं १८०६ च्या ऑगस्टमध्ये शेतात प्रार्थनेला जमली. वळवासारखा पाऊस आला, विजा कडाडू लागल्या, म्हणून ती गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली. आशियात सुवार्ता सांगायला जायचं, हे तिथे त्या गंजीखाली ठरलं. आज तिथे संगमरवरी स्तंभ आहे. चार वर्षांत काँग्रिगेशनल लोकांनी मिशनसाठी 'अमेरिकन बोर्ड' उभारलं. ६ फेब्रुवारी १८१२ ला सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट एका वर्षाने मुंबईत उतरले.

उतरले म्हणजे काय, आधी कलकत्त्याहून हाकलले गेले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेलं, म्हणजे हे शत्रूच्या देशातले. त्याच तुकडीतली हॅरिएट न्यूएल ही एकोणीस वर्षांची बाळंतीण मॉरिशसमध्ये वारली. हॉल मुंबईत राहिला, मराठी शिकला, आणि १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेत कॉलऱ्याने गेला. त्याच्या मागून आलेल्यांनी १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं केलं. न्यू हॅम्पशायरची सिंथिया फरार ही अविवाहित बाई तिथे मुलींच्या शाळा चालवायची. जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात येऊन आपली शाळा काढली. १८४२ मध्ये नगरलाच मिशनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. मिशनचे जस्टिन अ‍ॅबट, हेही न्यू हॅम्पशायरचेच. अ‍ॅबटांनी पुढे संतचरित्रकार महिपती आणि तुकाराम इंग्रजीत नेले. म्हणजे इकडून शास्त्र गेलं आणि तिकडून अभंग आले. मला हा सौदा वाईट वाटत नाही.

पण माझं घर टिळकांसारख्यांच्या वाटेने मंडळीत आलं नाही. आम्ही गावकुसाबाहेरचे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात महार आणि मांग वस्त्यांमधून जी माणसं मोठ्या संख्येने मंडळीत आली, त्यांत माझे खापरपणजोबा होते. लोक हिणवायचे की धान्यासाठी धर्म सोडला. धान्य मिळालंच असेल, उपाशी माणसाने ते का घेऊ नये? आमच्या घरात मात्र गोष्ट सांगत ती वेगळी: मिशनच्या शाळेत त्यांच्या हातात पाटी दिली गेली आणि प्रभुभोजनाचा पेला सगळ्यांमध्ये एकच होता. त्या पेल्यावरूनही काही ठिकाणी कुरबुरी झाल्या, जात काही बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन जात नाही. तरी पाटी राहिली. म्हणून इथे कोणी विचारलं की "तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी कशा?" तर मला आता राग येत नाही. आडनाव ऐकून पुन्हा विचारतात, तेव्हा थोडा येतो.

नगरची उपासना आणि इथली यांत फरक पुष्कळ. तिथे 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडून पेटी-तबल्यावर टिळकांची पदं म्हणायचो, कीर्तन असायचं, भेटल्यावर 'सलाम' म्हणायचो. गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं, आणि मुलं चुळबुळ करून बेजार. सुगीच्या सणाला खेड्यांवरून बाजरी, भोपळे, कोंबड्या यायच्या आणि उपासनेनंतर लिलाव व्हायचा. माझ्या वडिलांनी एकदा ईर्ष्येला पेटून एका कोहळ्याचे इतके पैसे दिले की आई आठवडाभर बोलली नाही. १९७० मध्ये नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली, त्यात काँग्रिगेशनल परंपरा मिसळली, आणि बिशपही आले. ज्यांनी आम्हाला बिशपाशिवाय चालायला शिकवलं, त्यांच्याकडे मात्र ते अजून नाहीत.

इथे पेटीऐवजी ऑर्गन. तासाभरात उपासना आटोपते आणि मग खरी मंडळी खाली जमते: कॉफी. नव्या माणसाने कॉफीला थांबावंच. अन्नदानाच्या कपाटात कोणी डबे लावायचे, कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांच्याकडे मंगळवारी जेवण कोण पोचवणार, सगळं तिथे ठरतं. माझ्या आईचं आजारपण चालू होतं त्या हिवाळ्यात मी घरी नसतानाही दारात रोज एक झाकलेलं भांडं असायचं. बहुतेक चिजात बुडालेला मॅकरोनी. मी तोंडाला चव नसताना तो खाल्ला आहे, त्याबद्दल वाईट बोलणार नाही.

वार्षिक सभा जानेवारीत. दारावरचा इंद्रधनुषी झेंडा तुम्ही पाहिला असेल. समलिंगी जोडप्यांचं उघड स्वागत करायचं की नाही, यावर या पंथातली प्रत्येक मंडळी आपापली ठरवते. आमच्याकडे त्याला दोन वर्षं चर्चा आणि एक मतदान लागलं. काही घरं सोडून गेली. तेवढीच चर्चा गालिच्याच्या रंगावर झाली हेही खरं. बाक आता अर्धे रिकामे असतात. माझ्या वयाच्या माणसाला तिथे 'तरुण' म्हणतात.

आणि आपला गणपती. तळघरात मूर्ती बसवू द्यावी का, हा प्रश्न आम्ही रीतसर सभेपुढे ठेवला होता. मला घाम फुटला होता. मी दोन्हीकडची, बोलायचं कोणाच्या बाजूने? दोघांनी आक्षेप घेतला, सभ्यपणे. देवाची पहिली आज्ञाच वाचून दाखवली. मग डावीकडच्या तिसऱ्या बाकावरच्या आजी उठल्या. म्हणाल्या, "आपल्या पूर्वजांनी नाताळावरही बंदी घातली होती. तेही चूकच होते." मतदान झालं, ठराव मंजूर झाला. नाताळाला दंड करणाऱ्यांच्या वारसांनी गणपतीला जागा दिली, भाडं नेहमीचंच.

एकच अट घातली ती इमारत सांभाळणाऱ्या गृहस्थांनी. पहिल्या वर्षी आरतीच्या कापराने धुराची घंटा वाजली आणि अग्निशमन दलाचा बंब आला होता. तेव्हापासून दरवर्षी ऑगस्टमध्ये ते मला फोन करून विचारतात, "कॅम्फर?" आणि मी सांगते, आवारात. तर यंदा कापूर आवारातच लावायचा आहे, मोदकांचा कुकर मात्र आत चालेल. पार्किंग मागच्या बाजूला.